एका व्हॉल्व्हची कुंडली

चंद्रावरच्या तळावर सात माणसं होती आणि प्राणवायूची तीन संयंत्रं. पाच महिन्यांत तिन्ही आळीपाळीने पुन्हा पुन्हा बंद पडली. दोष जुन्या नियंत्रणप्रणालीचाच, असं वरिष्ठांनी ठरवून टाकलं आणि कळवलं: नऊ दिवसांत नवी बसवा, नाहीतर तळ कायमचा बंद.

"नऊ दिवस आणि आपण चार माणसं?" पुण्याच्या प्रयोगशाळेतले ज्येष्ठ संगणकतज्ज्ञ भार्गव टिपणीस वैतागले. "जुनीला दोन वर्षं लागली होती!"

"कारण निम्मी मेहनत तोडण्या-जोडण्यात गेली," प्रकल्पप्रमुख वसुधा नेरुरकर म्हणाल्या. "तुमच्या जुन्या प्रणालीतले माहितीचे तक्ते म्हणजे कुकरचं झाकण एका कपाटात, शिट्टी दुसऱ्यात, रिंग तिसऱ्यात. भात लावायचा तर आधी शोधाशोध. आपण वस्तुकोश वापरू. त्यात प्रत्येक वस्तू अख्खी साठवली जाते, तिच्या सगळ्या संबंधांसकट. जोडणीचे प्रोग्रॅम लिहायलाच नकोत. निम्मे कष्ट वाचतील, निम्मा खर्चही."

"नव्याचे नऊ दिवस," टिपणीस पुटपुटले, पण कामाला लागले.

आठव्या दिवशी जुनी माहिती कोशात भरून झाली आणि त्यांचा चेहरा पडला. "घोळ झाला, वसुधाबाई. अकरा बिघाड तीन संयंत्रांतले होते. इथे सगळे एकाच व्हॉल्व्हला चिकटलेत."

वसुधाबाईंनी दोनदा तपासलं. घोळ नव्हता. जुन्या प्रणालीत बिघाड संयंत्राच्या नावावर नोंदले जात आणि व्हॉल्व्हची अदलाबदल वेगळ्याच तक्त्यात. दोन्ही एकत्र कोणी वाचलंच नव्हतं. वस्तुकोशात मात्र व्हॉल्व्ह कुठेही बसवा, तो तोच राहतो आणि त्याचा इतिहास त्याच्याबरोबर फिरतो.

त्यांनी तळावरचे तंत्रज्ञ एकनाथ डिसले यांना रेडिओवर गाठलं. तीन सेकंदांनी चंद्रावरून उत्तर आलं.

"मॅडम, तो व्हॉल्व्ह धुतला की चाचणीत पास होतो. चांगली वस्तू टाकायची कशाला? शिलकीत ठेवतो अन् लागेल तिथं बसवतो."

"चाचणी थंड असताना होते; तापल्यावर अडकत असणार तो. एकनाथराव, टाकून द्या!"

टिपणीस कपाळावर हात मारून हसले. "म्हणजे जुनी प्रणाली निर्दोष होती. नवीची गरजच नव्हती!"

"केली नसती तर कळलं कुठे असतं?"

"मॅडम," डिसल्यांनी विचारलं, "मग आम्ही इथंच राहायचं ना?"

"राहायचं."

तीन सेकंद गेले. मग पलीकडून सातही जण एकदम बोलू लागले. कोण काय म्हणतंय ते कळेना, पण वसुधाबाईंना आनंदाने रडू आलं.