साठ टक्के उजेड

"सगळ्यात प्रखर दिवा द्या. आणि सगळ्यात रंगीत प्रवाळ!" तिने काउंटरवर पर्स ठेवत फर्मावलं.

खरं तर दिव्यासाठी तिला जायचं होतं शेजारच्या विजेच्या दुकानात. ते बंद दिसलं म्हणून ती आधी या शोभेच्या माशांच्या दुकानात शिरली होती. दुकानदाराने टाकीतून कोपरापर्यंत भिजलेला हात बाहेर काढला, तिच्याकडे शांतपणे पाहिलं आणि म्हणाला, "नाही देणार."

गिऱ्हाईक म्हणजे देव, हे बहुधा त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

"टाकी केवढी आहे?"

"दोन बादल्या पाणी मावेल एवढी. शेजारी घर सोडताना देऊन गेले."

"आणि कुणासाठी?"

तिने कुणालाच न सांगितलेली गोष्ट त्या ओल्या हाताच्या माणसाला सांगून टाकली. बाबा तीस वर्षं जहाजावर होते, चीफ इंजिनियर म्हणून निवृत्त झाले. चार महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं थांबलं. "डॉक्टर म्हणतात, वाचा शाबूत आहे. पण ते दिवसभर भिंतीकडे बघत बसतात. म्हटलं, भिंतीच्या जागी थोडा समुद्र तरी..."

त्याने फडक्याला हात पुसला. मग म्हणाला, "महिनाभर नुसतं खारं पाणी आणि दगड ठेवा. पाणी मुरलं, की प्रवाळ."

"लोणचं घालायचंय का?"

"त्याहून नाजूक काम आहे. दिवासुद्धा वीस टक्क्यांवर सुरू करायचा, दर रविवारी पाच वाढवायचे आणि साठला थांबायचं. एकदम लख्ख उजेड पडला, तर प्रवाळं पांढरी पडून मरतात."

"मी चष्म्याच्या दुकानात नजर तपासते," ती म्हणाली. "डोळ्यांत औषध घातलेल्यांना मीही हेच सांगते... हळूहळू उजेडात जा."

"म्हणजे आपला धंदा एकच!"

ती हसली. कित्येक दिवसांनी.

महिन्याने तो तीन पिशव्या घेऊन घरी आला. एकीत बटणांएवढी हिरवी प्रवाळं होती, दुसरीत छत्रीसारखं पसरलेलं तांबडं आणि तिसरीत पाण्याबरोबर डोलणारी लांब बोटांची. ती कुठे ठेवायची, हे त्याने तिला विचारलंच नाही. तो बाबांच्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसला. "चीफसाहेब, तांबडं कुठे लावू? याला उजेड कमी लागतो."

जहाज सोडल्यापासून बाबांना 'चीफ' कुणी म्हटलं नव्हतं. त्यांचे ओठ हलले. "खा... खाली."

ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून मनसोक्त रडली.

मग रविवार सुरू झाले. दिव्याचं बटण फिरवायला एक मिनिट पुरे, पण त्याला दोन तास लागत.

"पाच टक्क्यांना इतका वेळ?" ती चहा देताना विचारी.

"सवय व्हावी लागते."

"प्रवाळांना?"

"...त्यांनाही."

पाचव्या रविवारी तो आला, तेव्हा दिवा शंभरावर होता. प्रवाळांनी अंग आकसून घेतलं होतं, तांबडं तर फिकट पडलं होतं. ती टाकीकडे धावली. "सकाळी तर ठीक होता हो! हात कुणाचा लागला?" बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्याने बटण पुन्हा विसावर आणलं. "वाचतील. पण पहिल्यापासून सुरुवात. आणखी आठ रविवार." बातमी वाईट होती, पण त्याचा चेहरा काही तसं सांगत नव्हता.

तिलाही मनातून बरंच वाटलं, आणि लगेच भीतीही. साठ झाले की हा माणूस कशाला येईल? बोलावं, तर तोंड कसं उघडायचं? ज्याचे एवढे उपकार, त्याला प्रेम आहे म्हटलं तर त्याला वाटणार, पोरगी आभार मानतेय.

आठ रविवार सरले. त्याने बटण साठावर आणलं, हात पुसले, पिशवी उचलली. "झालं काम."

"हो... झालं."

तेवढ्यात खुर्ची करकरली. बाबांचा उजवा हात, थरथरत का होईना, दिव्याच्या बटणाकडे निघाला होता.

"बाबा! म्हणजे मागच्या वेळी तुम्हीच—"

"पुन्हा आठ रविवार... मिळतील," बाबा चोरी पकडली गेल्यासारखे हसले. "तुम्ही दोघं... फार हळू आहात."

तिने त्यांचा हात अलगद धरून मागे घेतला. मग तशीच, वडिलांचा हात हातात धरून, ती त्याच्याकडे वळली.

"तुमच्यामुळे या घरात पुन्हा आवाज आला. याचे आभार मी जन्मभर मानीन, हे उपकार फिटायचे नाहीत. पण ते वेगळं. तुम्ही बाबांसाठी काही केलं नसतं ना... तरी मला तुम्ही हवे असता."

त्याने पिशवी खाली ठेवली. "मी हेच ऐकायला घाबरत होतो. म्हणजे... आभार ऐकायला. तेवढेच ऐकून परत जावं लागलं असतं तर—"

"आता?"

"आता कशाला जातोय!" तो म्हणाला आणि बाबांच्या शेजारची खुर्ची ओढून बसला.