पाच कळांचं फाटक

गाडीत चौसष्ट क्रेट होते. एका क्रेटमध्ये बारा, म्हणजे सातशे अडुसष्ट पक्षी. त्यांतले चार घाटात मेले, उरले सातशे चौसष्ट. केबिनमध्ये माणसं दोन. पाण्याचे कॅन तीन, जॅक एक, चाकांचे नट खोलायची लोखंडी टॉमी एक, ताडपत्रीचे दोर कापायची सुरी एक. यांतल्या जेवढ्यांना जीव होता, तेवढ्या सगळ्यांची बेरीज समोरच्या पडद्यावर लाल अक्षरांत उभी होती : ५.९ कळा. मर्यादा पाचची होती.

“नऊ दशांशासाठी अडकलो!” मल्हारी ऐनापुरेनं स्टीअरिंगवर मूठ हाणली.

“कळ काढ जरा,” शेजारी बसलेले कृष्णात दाजी म्हणाले आणि स्वतःच हसले. नाक्यावर हा विनोद रोज शंभर वेळा होत असे. तरी दाजींना तो प्रत्येक खेपेला नवा वाटे. ते मल्हारीच्या थोरल्या बहिणीचे नवरे. याच गाडीवर आठ वर्षं दोघं आळीपाळीनं ड्रायव्हर होते.

कळ हे वेदनेचं माप होतं. दाराच्या फटीत बोट चिमटलं, की माणसाच्या पाठीच्या कण्याकडे दुखण्याचे जेवढे संदेश धावतात, तेवढ्यांना एक कळ म्हणायचं, असं ठरलं होतं. हे संदेश म्हणजे विजेचे अतिशय बारीक प्रवाह. आणि प्रवाह आला की त्याच्याभोवती चुंबकत्व आलं. ते इतकं क्षीण असतं की शेजारून सायकल गेली तरी मोजमाप बिघडतं. म्हणून नाक्यावर जाड धातूच्या कोठड्या बांधल्या होत्या. गाडी आत घ्यायची, पुढचं-मागचं फाटक लावायचं, इंजिन आणि पंखे बंद करायचे. मग भिंतींतली यंत्रं आतल्या प्रत्येक जिवाच्या कण्यात चाललेली धावपळ मोजत आणि बेरीज करत. ती बेरीज म्हणजे गाडीचा वेदनांक. पाच किंवा त्याखाली असेल तर पुढचं फाटक आपोआप उघडे आणि गाडी शेजारच्या राज्यात जाई.

पाचच्या वर असेल तर दोन्ही फाटकं बंदच राहत. पूर्वी अधिकाऱ्याजवळ एक किल्ली असे. तिचा भाव ठरला, तशी कायद्यानं किल्लीच काढून टाकली.

जाड काचेच्या फटीपलीकडे डॉ. ऋता उपासनी बसल्या होत्या. हे यंत्र बनवणाऱ्यांपैकी त्या एक. महिन्यातून आठवडाभर त्या नाक्यावर येत आणि यंत्रं तपासत. भिंतीतल्या तारेच्या फोनवरून त्यांचा आवाज आत आला. “ऐनापुरे, पाणी शिंपडा. पक्षी तापलेत.”

“तीन तास उन्हात रांगेत उभं केलंसा, मॅडम. आता आत घेऊन पंखं बंद केलंसा. तापतील न्हाईतर काय गारठतील?”

“पंख्याच्या मोटारीनं मोजमाप बिघडतं.”

“म्हणजे तुमच्या मोजण्यानंच आकडा चढतोय.”

“थोडा चढतो. ते आम्ही लिहून कळवलंय.”

“आनी एक इचारू? ही कोंबडी शेवटी कापायलाच चाललीया. तिला दुखतंय किती, ते मोजून काय गावतं?”

“कापणं क्षणाचं असतं. प्रवास दहा तासांचा. तेवढा तरी तिला सुसह्य व्हावा.”

“मॅडमचं काळीज लोण्याचं हाय,” दाजी हळूच म्हणाले, “आनी फाटक लोखंडाचं.”

मल्हारीनं तिन्ही कॅन रिकामे केले. आकडा ५.९ वरून ५.८ झाला, मग पुन्हा ५.९. पडद्यावर गाडीचा नकाशा होता. ज्या क्रेटमध्ये वेदना जास्त, तो क्रेट लाल. तळाच्या रांगेत तीन क्रेट लाल होते. तिथं घाटातल्या धक्क्यांनी पंख मोडलेले, चेंगरलेले पक्षी होते. अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक होतं आणि नियमातही त्याला जागा होती. नियमात त्याला ‘मुक्ती’ म्हणत. मेलेल्या कोंबडीच्या कण्यात संदेश जात नाहीत. बेरजेतून ती वजा होते.

“चला, मुक्ती देऊ या,” मल्हारी म्हणाला.

त्यानं लाल क्रेटच्या बाजूच्या दारातून हात घालून पहिला पक्षी ओढला, मान धरली आणि पिळली. कट्ट. खाली टाकला. दुसरा. तिसऱ्यानं नखांनी त्याचं मनगट फाडलं. त्यानं तो क्रेटच्या कडेवर आपटला, मग पुन्हा आपटला. रांगेतले तीन तास, मागच्या खेपेचे सहा तास, सगळं त्याच्या हातांत उतरलं होतं. पिसं, विष्ठा आणि रक्त यांचा वास कोठडीत दाटला. अकरा झाले. सोळा झाले. आकडा ५.५ झाला.

“हळू, ऐनापुरे,” फोनवरून आवाज आला. “बाकीचे पक्षी घाबरतायत. वर बघा, पुन्हा चढतोय.”

“तुमी गप बसा!” मल्हारी ओरडला. “दाजी, तो खालचा क्रेट ओढा. अख्खाच संपवतो.”

दाजी गाडीच्या मागच्या फाळक्यावरून खाली उतरले. तळाचा क्रेट निघावा म्हणून त्यांनी आडवा दोर सैल केला. आठ क्रेटची थप्पी होती, एकेक तीस किलोचा. मल्हारीच्या धसमुसळेपणानं ती आधीच कलली होती. ती सरळ बाहेर आली. दाजी मागं सरले, पण जमिनीवर चाकांसाठी बसवलेल्या लोखंडी पट्टीत त्यांचा डावा पाय अडकला आणि अख्खी थप्पी त्याच्यावर बसली.

आवाज कोंबडीच्या मानेसारखाच होता, फक्त मोठा.

मल्हारीनं क्रेट बाजूला भिरकावले. गुडघ्याखाली पाय राहिलाच नव्हता म्हटलं तरी चाललं असतं. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं आणि पाऊल उलट्या दिशेला बघत होतं. दाजींचं तोंड उघडं होतं, आवाज मात्र बऱ्याच वेळानं आला. फुटक्या क्रेटमधून सुटलेले पक्षी त्या किंकाळीनं भिंतींवर धडकू लागले.

पडद्यावर आकडा होता १२.४.

“फाटक उघडा!” मल्हारीनं फोनचा डबा हातानं बडवला. “मॅडम, फाटक!”

“मांडीला पट्टा आवळा. आधी रक्त थांबवा.” डॉक्टर फोनवरून ओरडल्या. “मी मुख्यालयाला फोन लावलाय.”

मल्हारीनं कमरेचा पट्टा काढून मांडीच्या मुळाशी करकचून आवळला. रक्त कमी झालं, थांबलं नाही. काचेपलीकडे डॉक्टर उभ्या राहून दोन फोनवर एकदम बोलताना त्याला दिसल्या. मग त्या पुन्हा आल्या.

“ते म्हणतात, आकडा पाचखाली आला की फाटक आपोआप उघडेल. यंत्र फक्त वेदना मोजतं. ती कोंबडीची की माणसाची, हे ते पाहत नाही. मी… आम्ही ते मुद्दामच तसं केलं होतं. वेदनेला जात नसते, असं मी भाषणात म्हणायची.”

“भाषण ऱ्हाऊ द्या! गॅस कटर आणा!”

“शहरातून निघालाय. या भिंतीला दोन तास लागतील.” त्यांनी दाजींच्या खाली पसरणाऱ्या थारोळ्याकडे पाहिलं. “इस्पितळ पलीकडे चार किलोमीटरवर आहे. पण यांच्याजवळ दोन तास नाहीत.”

“मग बेशुद्ध करतो. डोक्यात हाणू?”

“नको! उपयोग नाही. आधीचं यंत्र मेंदूत मोजायचं. तुम्ही लोक पक्ष्यांना अफू पाजायला लागलात, म्हणून आम्ही कण्यात मोजायला लागलो. माणूस शुद्धीवर असो-नसो, कण्याकडे संदेश येतच राहतात.”

दाजींनी डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. “मर्दा मल्हारी,” ते म्हणाले, “दुसरा रस्ता हाय की. मघा सोळा जणींना दावलास तोच.”

“दाजी, थोबाड फोडीन.”

“फोड. आकडा आनी वाढंल.” ते हसायला गेले आणि विव्हळले. “तुझ्या बहिणीला सांग, तोंड शेवटपत्तुर शाबूत हुतं म्हून.”

मल्हारीनं काचेकडे पाहिलं. आकडा आता १२.१ होता. त्यात पक्ष्यांचे सहा, त्याच्या मनगटावरच्या ओरखड्यांचा एक दशांश, उरलेले दाजींचे. त्यानं मनातल्या मनात हिशेब केला आणि उठला. सुटलेले, न सुटलेले, हाताला लागतील ते पक्षी त्यानं मारायला घेतले. आता पिळायलाही वेळ नव्हता. क्रेट उचलून तो भिंतीवर आपटत होता, टॉमीनं क्रेटसकट ठेचत होता. तो रडत होता हे त्याला कळलं नाही. हात थांबले तेव्हा चौसष्टांतले पन्नासहून अधिक क्रेट गप्प झाले होते आणि आकडा ७.१ वर थिजला होता.

“दाजींचे एकट्याचे सहा,” तो धापा टाकत म्हणाला. “सगळी मारली तरी एक कळ वरच ऱ्हाते. सांगा मॅडम. तार कुठं तोडायची?”

“काय?”

“संदेश कण्याकडं जातो म्हणालासा, म्हंजी तारेतनंच की. पायाची तार कुठं असती?”

डॉक्टरांनी हातातला दुसरा फोन खाली ठेवला.

“गुडघ्याखालचे जवळजवळ सगळे संदेश एकाच मज्जातंतूतून वर जातात,” डॉक्टर शेवटी म्हणाल्या. “मांडीच्या मागच्या बाजूनं. करंगळीएवढा जाड, पांढरा. तो तोडला तर त्याच्याखालचं काही कण्यापर्यंत पोहोचणार नाही. पण ऐनापुरे, तो पाय पुन्हा कधीच…”

“कुठनं कापू?”

त्यांनी सांगितलं. आधी आवाज थरथरत होता, मग हळूहळू वर्गात शिकवताना होतो तसा सपाट झाला. दाजींना पालथं करा. मांडीच्या मधोमध, उभा छेद. स्नायूंचे दोन जाड पट्टे लागतील, ते कापू नका, बोटांनी फाका. आत जा. अजून आत.

मल्हारीनं दाजींच्या दातांत दोर दिला आणि पाठीवर गुडघा रोवला. सुरी दोर कापायची होती, करवतीसारखी. कातडीला ती धड लागेना. आकडा ८ झाला, ९ झाला. दाजींचा अख्खा देह माशासारखा उसळत होता. मल्हारीची बोटं गरम मांसात मनगटापर्यंत गेली.

“गावली,” तो म्हणाला. “दोरीगत हाय.”

“तोडताना आकडा खूप चढेल. थांबू नका. अर्धवट तोडलात तर उतरणार नाही.”

त्यानं ती पांढरी दोरी बोटात ओढून धरली आणि सुरी चालवली. पडद्यावर १९.६ आले. दाजी गुरासारखे हंबरले आणि गप्प झाले. सुरी पलीकडे निघाली. आकडा क्षणभर तिथंच थरथरला, मग कोसळला. ९. ६. ५.३.

मल्हारीनं शेजारचा एक कण्हणारा क्रेट उचलला आणि आपटला. ४.९.

पुढचं फाटक सरकत उघडलं.

दाजी वाचले. पाय मात्र नावालाच राहिला. पावसाळ्यात एकदा चुलीजवळ बसले असताना त्यांची टाच निखाऱ्यावर टेकली. घरभर वास सुटला तेव्हा बहीण धावत आली. दाजी तोवर टीव्ही बघत बसले होते. पुढं तो पाय मांडीतून काढावा लागला. मल्हारीला आता दोन घरं चालवायची होती.

त्या दिवशी कोठडीत मोजलेला एकेक आकडा यंत्रानं नोंदवून ठेवला होता आणि नियमाप्रमाणे तो सर्वांना खुला होता. पोल्ट्रीवाल्यांनी त्यात मज्जातंतू तुटताच झालेली घसरण पाहिली. गाड्यांचे वेदनांक उतरू लागले. दोन महिन्यांत राज्याची सरासरी एकच्या खाली आली. प्रवास सुसह्य होत असल्याचा हा पुरावा मानून सरकारनं मर्यादाही पाचवरून अर्ध्या कळेवर आणली.

हिवाळ्यात मल्हारी पुन्हा त्याच नाक्यावर आला. काचेपलीकडे डॉक्टर होत्या. गाडीत शहाण्णव क्रेट होते, एकेकात अठरा पक्षी कोंबलेले. मोडक्या पंखांवर दुसरे पक्षी उभे होते, त्यांच्यावर तिसरे. कुणी ओरडत नव्हतं.

डॉक्टरांनी काचेला डोळे लावून पाहिलं. प्रत्येक पक्ष्याच्या पाठीवर, कण्याच्या दोन्ही कडांना, टाक्यांची रांग होती.

“हे कुणी शिकवलं तुम्हाला?” त्यांनी फोनवरून विचारलं.

“तुमीच की, मॅडम.”

त्यांनी समोरच्या वहीत टाक्यांची नोंद केली. मग म्हणाल्या, “तुमची पाठ कशी आहे? अर्ध्या कळेची मर्यादा आल्यापासून निम्मे ड्रायव्हर नुसत्या पाठदुखीनं अडकतात.”

“पाठीचं न्हाई काय आता. कंपनी इंजेक्शन देती. एकदाच घ्याचं, जन्माचं मिटतं.” त्यानं मान वळवून केसांखालचा व्रण दाखवला. “समदी घ्याला लागल्यात. घेतलं न्हाई त्याला गाडी न्हाई.”

बोलता बोलता त्यानं एक क्रेट सरळ केला आणि वरचा क्रेट त्याच्यावर ठेवला. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं मधल्या फटीत राहिली होती. तो वरच्या क्रेटवर रेलून उभा राहिला, आकड्याची वाट बघत. फटीतून रक्ताची बारीक धार खालच्या पक्ष्यांवर उतरत होती.

“ऐनापुरे,” डॉक्टर म्हणाल्या, “तुमचा हात.”

“आं?” त्यानं उजवा हात वर करून बघितला.

पडदा हिरवा झाला. पक्षी १,७२८ : ०.० कळा. माणूस एक : ०.० कळा. एकूण वेदनांक : ०.०.