सात फाटकांचा रस्ता

पहिल्या फाटकाशी राखेलने गाडी थांबवली, पण खाली उतरायचं त्राण तिच्यात नव्हतं. उतरायचं, फाटक उघडायचं, गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरून फाटक लावायचं... नाही लावलं तर कुणाच्या तरी शेळ्या कोसभर जायच्या. अशी सात फाटकं. मागे पिकअपमध्ये चाळीस खुर्च्या होत्या. बाबांच्या अंत्यविधीला आणलेल्या. पंधरा दिवस झाले. खुर्च्या परत करा म्हणून नदीकाठच्या चर्चमधून दोनदा निरोप आला होता.

तेवढ्यात कोणीतरी फाटक उघडलं.

खांबाच्या सावलीतून उठलेला माणूस टोपीपासून बुटापर्यंत धुळीने माखला होता. टिटुस. सहा वर्षं तो या कच्च्या रस्त्यावर ग्रेडर फिरवून खडी सपाट करत होता आणि महिन्यातून एकदा बाबांबरोबर कॉफी पीत होता. राखेल कप ठेवायची आणि आत निघून जायची.

"ग्रेडरचा पट्टा तुटलाय," तो म्हणाला. "नदीपर्यंत सोडता? भाडं म्हणून फाटकं उघडतो."

"सातही?"

"एक तर झालं. उरली सहा. तोटा तुमचाच."

ती हसली नाही. पण शेजारच्या सीटवरची पावाची पिशवी उचलून तिने मागे ठेवली.

रस्ता उतरू लागला. काळे-तांबडे कडे दोन्ही बाजूंनी जवळ आले. खाली, खूप खोल, गारीप नदीची हिरवी रेघ दिसायची आणि पुढच्या वळणावर हरवायची.

"रस्ता फार खडबडीत झालाय," ती म्हणाली.

"माझाच आहे. वाईट बोलायचं तर तोंडावर बोला."

"तोंडावरच बोलतेय."

तो खिडकीबाहेर बघू लागला. "तुमच्या घराजवळचा तुकडा चांगला आहे. बाबांना आणायच्या आदल्या दिवशी दोनदा फिरवला होता... हादरे बसू नयेत म्हणून."

राखेलला आठवलं. शवपेटीची गाडी एकदाही उसळली नव्हती. ते कुणाच्या हातून झालं असेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

चौथं फाटक उघडून तो परत गाडीत बसला नाही. तिच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"तेवीस दिवसांनी माझी उत्तरेला बदली आहे. पार ओटावीला. त्याआधी मावशी-मामांना तुमच्या दारी मागणी घालायला पाठवणार होतो. मग बाबा गेले. आता विचारणं बरं दिसत नाही, कळतंय मला. पण न विचारता गेलो तर..."

"मी फार दमलेय, टिटुस. बाबांच्या दुखण्यात आठ महिने नीट झोपले नाही. आणि तुमची माणसं आली, तर त्यांना दारातून परत कोण पाठवणार?"

त्यांच्या नामा जमातीत मागणीला आलेल्यांना पहिल्यांदा हाकलूनच द्यायचं असतं. लगेच होकार दिला तर मुलगी घराला जड झाली होती, असं लोक म्हणतात.

"नाही म्हणायलासुद्धा घरात कोणी उरलं नाही," ती म्हणाली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचे डोळे भरून आले.

डोक्यावरची टोपी काढून त्याने तिच्या चेहऱ्यावर सावली धरली. मग म्हणाला, "सरका पलीकडे. मी चालवतो. झोपा थोडं."

जाग आली तेव्हा समोर नदी होती. मधली तीन फाटकं तिला कळलीसुद्धा नव्हती. तिन्ही वेळा तो दोनदा उतरला असणार, दार न आपटता. आता तो चर्चच्या ओसरीवर खुर्च्या रचत होता.

राखेल उतरून त्याच्याजवळ गेली.

"शनिवारी पाठवा मावशीला."

त्याच्या हातातली खुर्ची हातातच राहिली. "पण दारात...?"

"शेजारच्या सान्ना आजीला बसवते. फार खाष्ट आहे ती. तुमच्या मावशीला रडवेल."

"किती वेळा परत पाठवेल?"

"तीनदा तरी. माझ्या बाबांची मुलगी सहज मिळाली, असं कोणी म्हणायला नको."

"आणि दर खेपेला मधे आठवडा जाऊ द्यावा लागतो," तो हळूच म्हणाला. "माझ्याकडे तेवीसच दिवस आहेत."

राखेलने बोटांवर मोजलं. चार खेपा, मधले एकवीस दिवस. मग खुर्चीचं दुसरं टोक धरलं.

"मग शनिवारची वाट नको बघूस," ती म्हणाली. "उद्याच पाठव."