गिधाडखिंडीत कोण कोण होतं?

फौजदार बास्सूने चहाचा पहिला पेला तोंडाला लावला आणि फोन वाजला. पलीकडे तामगूत गावचा मुकादम होता.

"साहेब, ती बेल्जियमची बाई काल डोंगरावरून परतलीच नाही. नवरा संध्याकाळी एकटाच उतरला. म्हणतो, वाटाड्यानं ढकलली तिला."

"कुठल्या वाटाड्यानं?"

"आपल्या यिद्दरनं."

बास्सूने पेला खाली ठेवला. यिद्दरला तो लहानपणापासून ओळखत होता. मुंगी मारताना दहा वेळा विचार करणारा माणूस. पण ओळखीच्या माणसांनी आपल्याला तोंडघशी पाडल्याचे अनुभवही बास्सूच्या गाठीशी कमी नव्हते.

"गावात कुणाला सांगितलंस?"

"नाही. सांगितलं तर पोरं त्या गोऱ्याला बदडतील. बाई हरवलीय, एवढंच सांगितलंय."

"तसंच राहू दे," बास्सू म्हणाला. हे त्याचं चुकलं. ते त्याला दिवस कलल्यावर कळलं.

तामगूतला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. हवालदार मुनीर कासाब्लांकाचा, समुद्रकाठचा माणूस. पोट सुटलेलं. अर्ध्या चढावरच त्याने डोंगराला शिव्या देऊन घेतल्या.

"साहेब, ही माणसं पैसे मोजून इथे तंगड्या तोडायला येतात?"

"येतात."

"घरी जिने नाहीत का यांच्या?"

बास्सू हसला नाही. त्याचे गुडघे बोलत होते. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि अलीकडे त्याला गुन्हेगारांचा राग येईनासा झाला होता. नुसता कंटाळा यायचा.

तिचा नवरा वाउटर मुकादमाच्या माडीवर बसला होता. चाळिशीचा, धिप्पाड, ओठ उन्हाने फुटलेले. भिंतीला त्याच्या डोंगर चढायच्या दोन काठ्या टेकवलेल्या होत्या. असली एखादी आपल्यालाही बरी पडेल, असं मनात येऊन बास्सूने एक उचलली. हलकी होती. मुठीला मनगटात अडकवायचा काळा पट्टा होता. दुसरीला तो नव्हता.

"उतरताना तुटला," वाउटर म्हणाला. "मी पळतच आलो."

"पहिल्यापासून सांगा. खिंडीत किती जण होता?"

"तिघं. मी, लिस्बेट आणि तो यिद्दर."

"तिथे काय केलंत?"

"जेवलो. त्याच्या घरची भाकरी होती, चीज, ऑलिव्ह."

"तोही जेवला?"

"आमच्याबरोबरच बसला होता."

"आवरलं कोणी?"

"त्यानंच. किटली, कापड, सगळं त्यानंच गोळा केलं. मग लिस्बेटला कडा दाखवतो म्हणाला. मला उंचीनं मळमळत होतं, मी बसून राहिलो."

"नंतर काही खाल्लंत?"

"छे. पाण्याचा घोटही उतरत नव्हता. थोड्या वेळानं ती किंचाळली. मी धावलो. ती नव्हती, तोही नव्हता." त्याने चेहरा ओंजळीत लपवला. "तीन दिवस तिच्याकडे टक लावून बघत होता तो. मला आधीच कळायला हवं होतं."

यिद्दर स्वतःच्या घराच्या अंगणात उभा होता. रात्रभर शोधणाऱ्यांबरोबर फिरला होता. डोळे लाल, गळ्यात वाटाड्याचा सरकारी पितळी बिल्ला. जोत्यावर म्हातारी सुईण इत्तो बसली होती, आणि आतून त्याच्या काल जन्मलेल्या बाळाचं रडू येत होतं.

"काल तू त्यांच्याबरोबर होतास?" बास्सूने विचारलं.

"होतो."

"खिंडीपर्यंत?"

यिद्दरने इत्तोकडे पाहिलं. "खिंडीपर्यंत."

"जेवलास?"

"जेवलो."

"मग बाई कुठे गेली?"

"उतरताना मागे राहिली असेल. साहेब, मला परत वर जाऊ द्या. इथे उभं राहून काय होणार?"

"आणि घरी कधी आलास?"

उत्तर इत्तोने दिलं. "दिवस मावळताना. बाळाची वार पडल्यावर. अख्ख्या गावाला विचार, बास्सू. तुझ्या आईचं बाळंतपण माझ्या आईनं केलंय, तुझ्याशी खोटं बोलेन होय मी?"

बास्सूने आणखी चार घरी विचारलं. सगळीकडे एकच उत्तर आलं, तेही अगदी त्याच शब्दांत.

"पाठ केल्यासारखं बोलतात," मुनीर म्हणाला.

"बाईबद्दल काही कळलं?"

"त्या इत्तोनं एक सांगितलं. बाई पहिल्या रात्री यिद्दरच्या बायकोजवळ, तूदाजवळ, चुलीपाशी बसून रडली होती. म्हणाली, हा आमचा शेवटचा प्रवास. घरी गेल्यावर मी वेगळी राहणार."

"नवऱ्याला ठाऊक होतं?"

"ते कोण सांगणार?"

गिधाडखिंडीच्या पायथ्यापर्यंत खेचरं जातात, पण शेवटचा घसाऱ्याचा चढ पायीच. बास्सू दर वळणावर थांबत होता. वारा कानात शिरत होता. वर एका सपाट खडकापाशी बसल्याच्या खुणा दिसल्या. ऑलिव्हच्या बिया, चीजचा चांदीचा कागद. खाली मातीत जवाच्या भाकरीचे तुकडे पडले होते. एकावर बुटाच्या तळव्याची नक्षी उमटलेली.

बास्सू वाकला, कण्हला. तुकडे उचलून त्याने फुंकले, ओठांना लावले आणि खडकाच्या कपारीत उंचावर ठेवले. एक तुकडा राहिला होता, तो मुनीरने उचलून तसाच वर ठेवला. दोघांच्या तोंडी त्या वेळी गुडघेदुखीचाच विषय होता.

तेवढ्यात खालच्या घळीतून धनगरांची हाक आली. बाई सापडली होती. जिवंत नव्हती.

घळीत मुनीर उतरला, या वेळी कुरकुर न करता. वर आला तेव्हा त्याच्या रुमालात काळा, तुटका पट्टा होता.

"मुठीत होता. बोटं उघडायला वेळ लागला," तो म्हणाला. "नवऱ्याच्या काठीचा. पण साहेब, तो म्हणेल, काठी मीच तिला दिली होती. ढकललं वाटाड्यानंच. वाटाड्या स्वतः सांगतोय, मी खिंडीत होतो म्हणून."

बास्सू सपाट खडकावर बसून होता. बराच वेळ तो कपारीकडे पाहत राहिला.

"नव्हता तो इथे," शेवटी तो म्हणाला. "चल, खाली चल. आधी त्या म्हातारीला गाठू."

इत्तो जोत्यावरच होती. बास्सू तिच्याशेजारी बसला आणि सरळ म्हणाला, "आजी, ती बाई मेली. यिद्दरनं ढकलली, असं तिचा नवरा म्हणतो. तुम्ही सगळे मिळून यिद्दरला जन्मभर तुरुंगात धाडताय."

म्हातारीचा चेहरा उतरला. "अरे बास्सू, मग हे सकाळीच सांगायचं नाहीस? आम्हाला वाटलं, तू त्याच्या बिल्ल्यासाठी आलायस."

"कधी आला तो घरी?"

"भर दुपारी. तूदा अडली होती, मूल आडवं होतं. मीच खिंडीच्या वाटेवरच्या धनगरवाड्यावर निरोप धाडला. परदेशी माणसांना डोंगरात सोडून आला हे कळलं, तर सरकार बिल्ला काढून घेतं. त्याच्या घरात दुसरं आहे काय? म्हणून म्हटलं, संध्याकाळी आला म्हणा सगळे. मुकादमालाही तेच सांगितलं."

संध्याकाळी मुकादमाच्या माडीवर वाउटर, यिद्दर, मुनीर आणि मुकादम जमले. बास्सूने तुटका पट्टा वाउटरसमोर ठेवला.

"तिचा तोल जात होता," वाउटर लगेच म्हणाला. "म्हणून मी तिला काठी दिली. नंतर ती काठी कड्यावर पडलेली सापडली."

"असेल. पट्टा तुटल्याचं सकाळी निराळं सांगितलंत, तेही सोडू. मला जेवणाबद्दल विचारायचंय. यिद्दर जेवला, आवरलं, मग तो बाईंना घेऊन गेला. नंतर तुम्ही घास खाल्ला नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"तुम्ही बसला होता तिथे भाकरी मातीत पडलेली होती. एका तुकड्यावर बुटाचा ठसा होता."

"मग? चार तुकडे सांडले असतील."

"यिद्दर, भाकरी खाली पडली तर तू काय करतोस?"

यिद्दर गोंधळला. "उचलतो. उंचावर ठेवतो. दुसरं काय करणार?"

"मुकादम, तुम्ही?"

"तेच. माझा तीन वर्षांचा नातूही तेच करतो."

"आज मीही तेच केलं, आणि या मुनीरनंही. करताना आमचं लक्षसुद्धा नव्हतं." बास्सूचा आवाज थकलेला होता, चढला नाही. "साहेब, या देशातला माणूस चोरी करेल, खून करेल, पण भाकरी मातीत टाकून उठणार नाही. त्यातून ती त्याच्या बायकोनं भाजलेली. आवरणारा यिद्दर असता, तर तो तुकडा तुमच्या बुटाखाली आला नसता. खिंडीत तुम्ही दोघंच होता. यिद्दर, तू कुठून परत फिरलास?"

यिद्दर वाउटरकडे वळला. "तुम्हीच म्हणालात, जा, बायकोजवळ जा. म्हणालात, तू बरोबर होतास असंच मी सगळ्यांना सांगेन, तुझा बिल्ला जाणार नाही. साहेब, मी यांचे हात धरून आभार मानले. धनगरवाड्यावरून परत फिरलो. दिलेला शब्द पाळायचा म्हणून गप्प राहिलो."

"तेव्हा तुम्ही चांगुलपणानं म्हणाला असाल," बास्सू वाउटरला म्हणाला. "मला ते खरंच वाटतं. मग खिंडीत बाईंनी तुम्हाला सांगितलं, घरी गेल्यावर वेगळी राहणार. तुम्ही ढकललंत, आणि पडताना तिनं तुमची काठी धरली. उतरताना लक्षात आलं की एक माणूस आयता हाताशी आहे. मी तिथे होतो, असं तो स्वतःच कबूल करणार."

वाउटर पट्ट्याकडे बघत म्हणाला, "भाकरी मोडता मोडता बोलली ती. मीठ दे म्हणावं, तसं. बारा वर्षांचा संसार, आणि घास चावत चावत."

मुनीरने त्याला खाली नेलं.

यिद्दर उभाच होता. बास्सूने त्याला बसायला सांगितलं. "तू सुटलास. पण मला लिहावं लागेल की तू तिथे नव्हतास. तुझी सुटका त्यावरच अवलंबून आहे."

"म्हणजे बिल्ला गेला."

"गेला."

यिद्दरने मान हलवली. त्याला ते आधीच कळलेलं होतं. "साहेब, एक विचारतो. मी बरोबर असतो, तर ती वाचली असती?"

नाही म्हणायला बास्सूचं काही जात नव्हतं. बाळंतीण घरात होती, पोरगी एका दिवसाची होती. पण या गावात चांगल्या मनाने बोललेलं खोटं आज पुरेसं झालं होतं.

"बहुतेक वाचली असती," तो म्हणाला. "आणि तू घरी आला नसतास, तर तुझी तूदा मेली असती, असंही नाही. ती सुईण खमकी आहे. पण तू गेलास, ते चूक नव्हतं. मी असतो तर मीही गेलो असतो."

यिद्दर रडला. आवाज न करता, भिंतीकडे तोंड करून. मग बाहीने डोळे पुसून उठला.

"बाईंजवळ घळीत धनगर बसलेत. वाट मला माहीत आहे. मी तिला खाली घेऊन येतो."

मुकादम काही बोलणार होता, बहुधा बिल्ल्याचंच. बास्सूने हातानेच त्याला गप्प केलं. अंगणात येऊन त्याने आपल्या खेचराचा दोर यिद्दरच्या हातात दिला, आणि स्वतः कठड्याला धरत, एकेक पायरी, पायीच गाव उतरायला लागला.