शेवटी राक्षसाचं काय झालं?

तनुजाचं डोकं पहिल्यांदा त्याच्या खांद्यावर टेकलं, तेव्हा तिला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. पडद्यावर एक रबराचा राक्षस किंचाळणाऱ्या बाईला उचलून चिखलातून चालला होता. त्याच्या पाठीवरची चेन साऱ्या हॉलला दिसत होती आणि तनुजा गाढ झोपली होती.

दिवे लागले तशी ती दचकून सरळ बसली.

"सॉरी हं... मी—"

"असू द्या. संपला."

काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं, "शेवटी राक्षसाचं काय झालं?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "लग्न झालं त्याचं."

"त्या किंचाळणाऱ्या बाईशी?"

"ती वरवर किंचाळत होती हो. मनातून नाही."

तनुजा हसली. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला हसू येणं ही काही साधी गोष्ट नाही.

ती नर्स होती. शनिवारची रात्रपाळी आटोपून खडकीच्या क्वार्टरमध्ये जावं, तर दोन खोल्यांत भावाची जुळी पोरं आणि रविवारचे पाहुणे. झोपेचं पार खोबरं! म्हणून ती सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये यायची. तिथे निवृत्त श्यामसुंदरकाका दर रविवारी सकाळी दहाला जुने, स्वस्तात काढलेले भुताखेतांचे नि परग्रहांचे सिनेमे दाखवत. जिन्यातच पाटी होती— 'भीती वाटल्यास ओरडू नये. खाली लोक वाचतात.' अंधार, डोक्यावर पंखा आणि सावकाश चालणारी भुतं... झोपायला याहून चांगली जागा अख्ख्या पुण्यात सापडली नसती.

त्याचं नाव सार्थक. स्वारगेटच्या एसटी स्थानकावर तो गाड्यांच्या घोषणा करायचा. आवाज असा, की कोल्हापूरला काहीही काम नसलेल्या माणसाने गाडीत चढून बसावं. दर रविवारी ती त्याच्या शेजारी झोपायची आणि मग काकांच्या थर्मासमधला चहा पिताना तो तिला तो सिनेमा सांगायचा. थर्माकोलच्या चंद्रावरची राणी, विहिरीतली हडळ, दोऱ्याला टांगलेली उडती तबकडी. त्याच्या गोष्टीत तबकडी कधी उतरायची नाही, 'लागायची'. सातची तबकडी सव्वासातला लागायची आणि परग्रहवासी आपापलं सामान सांभाळत खाली यायचे. कुणी मरायचं मात्र नाही. हडळीलासुद्धा कुणीतरी घरापर्यंत सोडायला यायचं.

असे अकरा रविवार गेले. त्या पंधरा मिनिटांसाठी आपण आठवडा ढकलतो आहोत, हे तनुजाच्या लक्षात आलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात खराडीचं स्थळ आलं. मुलगा शांत, नोकरी चांगली, नावं ठेवायला जागाच नव्हती.

"रविवारी बारापर्यंत काय ते सांग," आईने बजावलं. "लोकांना ताटकळत ठेवायचं नसतं."

तनुजा इतकी दमली होती! नाही म्हटलं की कारणं द्यावी लागतात, हो म्हटलं की निदान निवांत झोपता येतं. एवढ्याच विचाराने ती हो म्हणायला निघाली होती. फक्त एकदा सार्थकच्या शेजारी जागं बसायचं, त्याने काही विचारलं तर ऐकायचं... नाही विचारलं तर आईला हो सांगून मोकळं व्हायचं.

बाराव्या रविवारी ती दोन कप कॉफी ढोसून आली. पडद्यावर एक म्हातारा प्लास्टिकच्या वटवाघळांशी झुंजत होता. अर्ध्या तासाने शेजारून घरघर ऐकू आली. तिने चमकून पाहिलं.

सार्थक घोरत होता! मान मागे, तोंड उघडं. मध्येच पुटपुटला, "सातारा, कराड... फलाट क्रमांक तीन..."

तिला आधी हसू फुटलं, मग संताप आला. म्हणजे अकरा आठवडे हाही असाच झोपत होता आणि नंतर नुसत्या थापा मारत होता! मग पडद्याचा उजेड त्याच्या तोंडावर पडला आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. तशीच तिला रोज सकाळी आरशात दिसत. तिने त्याला उठवलं नाही. सिनेमा एकटीने पुरता पाहिला. भिकार होता. शेवटी सगळे मेले.

दिवे लागले. सार्थकने तोंडावरून हात फिरवला, दोघांचा चहा आणला आणि सुरू झाला, "आज झकास होता. त्या म्हाताऱ्याची आणि वटवाघळांची शेवटी दोस्ती—"

"म्हातारा पाऊण तासात मेला, सार्थक."



"तुम्ही... जाग्या होतात?"

"तुम्ही घोरायला लागल्यावर तर फारच."

"एकही पुरता पाहिला नाही मी," तो खाली बघत म्हणाला. "मीही रात्रपाळी करून झोपायलाच यायचो. खोलीवर पाच जण, पाच पाळ्या... पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंत, राक्षसाचं काय झालं. मला काय माहीत! तोंडाला आलं ते बोललो आणि तुम्ही हसलात. मग काय, आठवडाभर ड्युटीवर पुढची गोष्ट जुळवत बसायचो. परवा सांगलीच्या गाडीला म्हणालो, 'परग्रहवासीयांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे.' साहेबांनी झाप झाप झापलं."

एरवी ती पोट धरून हसली असती. पण घड्याळात पावणेबारा झाले होते.

"मला बाराला आईला उत्तर द्यायचंय. खराडीचं स्थळ आहे. मुलगा चांगला आहे."

सार्थकच्या हातातला कप तसाच राहिला. 

"तुम्हाला... तो आवडलाय?"

"मी दमलेय हो, सार्थक. बस्स, एवढंच."

"मग दमलात म्हणून हो म्हणू नका ना! दमलेले तर आपण दोघंही आहोत." तो तिच्याकडे वळला. "मला तुम्ही आवडता. हे जुळवलेलं नाही, खरं आहे. दर रविवारी तुमचं डोकं खांद्यावर टेकेपर्यंत मी नेटाने जागा राहायचो. आज तुम्ही झोपेचनात... मग माझाच डोळा लागला."

तनुजाच्या डोळ्यांत पाणी आलं. जागरणाने येतं, तसलं नव्हे ते. ती उठली आणि जिन्यात जाऊन तिने आईला फोन लावला.

"आई, खराडीला नाही कळव."

"अगं, पण का? काय खोट आहे त्या मुलात?"

"काही नाही. पण दुसरा एक आहे. मला तो हवाय."

पलीकडे जुळ्यांची आरडाओरड चालली होती. त्यातूनच आईने विचारलं, "कोण? काय करतो?"

तनुजा फोन कानाला लावूनच हॉलमध्ये आली. रात्रभराची ड्युटी आणि मनातलं एकदाचं बोलून टाकल्याचा मोकळेपणा, दोन्हींनी मिळून सार्थकला गाठलं होतं. खुर्चीत बसल्या बसल्या हनुवटी छातीवर टेकली होती आणि हातातला कप कलत चालला होता. तिने तो कप अलगद काढून घेतला आणि त्याच्या शेजारी बसली.

"सध्या झोपलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "उठला की विचारून सांगते."