घडीतला चेहरा

पुस्तकांचं पार्सल आलं, आणि घरात कोणीच हसलं नाही.

एरवी हेजिनचं नवं चित्रपुस्तक आलं की बेसिंगस्टोकच्या त्या छोट्याशा घरात सणच असायचा. लीलावतीबाई पहिली प्रत देवापुढे ठेवायच्या, मग नातीला, उर्वीला, मांडीवर घेऊन वाचायच्या. कोरियात, सोलमध्ये वाढलेली हेजिन चित्रकला शिकायला लंडनला आली, लीलावतीबाईंच्या मुलाशी, परीक्षितशी लग्न करून या घरात आली, आणि तिच्या पुस्तकांनी इथल्या शाळाशाळांतल्या मुलांना वेड लावलं... पण त्या कीर्तीच्या पायाशी सासूचा एक मूक त्याग होता. उर्वी जन्मली तेव्हा सुनेचा ब्रश थांबू नये म्हणून लीलावतीबाईंनी लहान मुलांच्या नर्सरीतली जिवापाड आवडती नोकरी सोडली होती. त्याचं त्यांना कधी दुःख वाटलं नव्हतं.

पण हे शेवटचं वर्ष! हेजिनने कामाच्या खोलीचं दार लावून घेतलं. उर्वीची वेणी, अंघोळ, शाळेत सोडणं, झोपताना थोपटणं... एकेक करून तिने सगळं सासूच्या पदरात टाकलं. स्वयंपाकघरात आलीच तर हातून कप पडायचे. आपण हिला लेक मानली आणि हिने आपल्याला फुकटची दाई समजलं, हा सल त्या माउलीचं काळीज कुरतडत राहिला. परीक्षितला विचारलं तर "डेडलाइन आहे गं आई" म्हणून तो नजर चुकवायचा.

आज त्यांनी प्रत उघडली. एक चिमुरडी, तिची आई आणि आजी हरवलेला हातमोजा शोधायला निघतात, एवढीच गोष्ट. आजीच्या साडीवर कार्डिगन होतं... अगदी त्यांचंच, कोपराला रफू केलेलं! क्षणभर मन विरघळलं. मग पानं उलटता उलटता कपाळाला आठी पडली. चित्रातली आई पानागणिक मधल्या घडीकडे, जिथे पुस्तक शिवलेलं असतं तिथे, सरकत चालली होती. शेवटच्या चित्रात तर तिचा चेहरा घडीने पुरता गिळला होता.

"हेजिन, जिवाचं माणूस घडीत काढायचं नाही, हे तूच मला शिकवलंस ना?" आवाजाला साठलेली कडू धार आलीच. "वर्षभर दार लावून बसलीस, आणि एवढी चूक?"

"चूक नाही, आई. मुद्दाम काढलं."

हेजिनने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलून टेबलावर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. नसांचा आजार. औषध नाही. आज हात, उद्या पाय, मग वाचा, मग श्वास... मोडक्यातोडक्या मराठीत ती सांगत होती, आणि परीक्षित भिंतीकडे तोंड करून उभा होता. कोणाला सांगायचं नाही, ही शपथ तिनेच त्याला घातली होती.

"उर्वीला तुमच्या हाताची सवय व्हायला पाहिजे होती," ती म्हणाली. "तुम्ही रागावलात, मला दिसत होतं. पण बोलले असते तर रडले असते... मग चित्र अर्धंच राहिलं असतं."

आयुष्यभर मुलांचे अबोल चेहरे वाचलेल्या त्या बाईंना आपल्याच घरातला चेहरा वाचता आला नव्हता!

"अगं पोरी, मला दार तरी वाजवू द्यायचंस..." एवढंच बोलून त्यांनी तिचं मस्तक छातीशी धरलं, आणि मग दोघींचंही बोलणं हुंदक्यांत बुडालं.

शाळेतून आल्या आल्या उर्वीने पुस्तक वाचायला लावलं. शेवटच्या पानावर ती थबकली.

"आजी, मम्मा कुठे गेली?"

नर्सरीत मागे बसलेल्या मुलांनाही दिसावं म्हणून लीलावतीबाई नवं पुस्तक दोन्ही तळव्यांनी दाबून सपाट करायच्या. आजही त्यांनी तसंच दाबलं. शिवण करकरली, आणि घडीतून आईचा हसरा चेहरा हळूच वर आला.

"ही बघ. इथेच आहे."

त्यांनी हात उचलले. पानं मिटत आली, चेहरा पुन्हा आत गेला. उर्वीने घाईघाईने आपले इवलेसे तळवे पानावर ठेवले, पण तेवढ्याने तो वर येईना.

"आजी, दाब ना. आपण हात काढायचाच नाही."

लीलावतीबाईंनी शेजारी बसलेल्या हेजिनचा गार पडलेला उजवा हात उचलून नातीच्या हातांशेजारी पानावर ठेवला, आणि त्यावर आपला हात ठेवून सगळा भार टाकला.