फिल्टरमधली लाल पाकळी

सकाळी आठला धर्माला मुलुंडहून मार्तंडकाकांचा फोन आला. "सहाच्या सहा मेले. वास सहन होत नाही. ये."

धर्मा भांडुपचा कोळी. होडी विकली, आता लोकांच्या घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतो. अख्खा जन्म मासळीत गेला, तरी काकांचं दार उघडलं आणि त्याने नाक दाबलं. सडकी कोळंबी परवडली यापेक्षा.

टाकीत सी अर्चिन मरून पडले होते. काचेवरचं शेवाळ खात फिरणारे ते काळे काटेरी गोळे. काटे गळून काड्यापेटी सांडल्यासारखे तळाला पसरलेले. बोडक्या टरफलांतून पांढरा चिकट लगदा लोंबत होता. दोन नारिंगी मासे मात्र त्यातूनच मजेत फिरत होते.

काकांनी गुन्हेगार कधीच पकडला होता. कामवाली अंजनाबाई. फिनेलचे हात हिने टाकीत घातले म्हणे. तिला काढलं ते काढलं, वर ती बिल्डिंगमधल्या ज्या चार घरी काम करते तिथेही जाऊन सांगून आले. बाई जिन्यात बसून होती. ती चार घरं गेली तर चूल बंद.

धर्माने आधी तिलाच विचारलं.

"टाकीला हात लावलास?"

"शी. त्या घाणीला कोण हात लावतंय? लादी पुसते, भांडी घासते. रोज देवाची भांडी चिंचेने घासते, बस."

मग काकांना. "टाकीत पाणी कोण घालतं?"

"मीच. आटतं तेवढं, तू दिलेल्या प्लास्टिकच्या बादलीने."

"दुसरं काही पडतं आत?"

"काही नाही."

धर्माने फिल्टर उघडला. बुळबुळीत काळ्या चिखलात जास्वंदीची लाल पाकळी. तो टाकीमागच्या खिडकीकडे बघत राहिला. ऊन थेट आत येत होतं.

त्याने काकांच्या बायकोला, कुंदाकाकूंना विचारलं, काका सूर्याला अर्घ्य देतात का? काकू म्हणाल्या, रोज, याच खिडकीतून. पण खालच्या मजल्यावरच्या श्वेताने तक्रार केली, वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी पडतं म्हणून. तेव्हापासून, आठवडा झाला... काकू थांबल्या आणि नवऱ्याकडे बघायला लागल्या.

धर्माने छोट्या बाटलीत टाकीचं पाणी घेतलं, तपासायचे थेंब टाकले. रंग चढला.

"तांबं," तो म्हणाला. "फिनेल असतं तर आधी मासे उताणे झाले असते. माशांना चालून जातं तेवढं तांबंसुद्धा या गोळ्यांना मारतं. म्हणून तर प्लास्टिकची बादली दिली होती. काका, खाली ओतायची सोय राहिली नाही, म्हणून तुम्ही अर्घ्य टाकीतच द्यायला लागलात. तांब्याच्या गडूने, फुलासकट. आणि गडू चिंचेने घासलेला. आंबट लागलं की तांबं जास्तच सुटतं. तिचं काम तिने नीटच केलं."

"मग मघाशी 'काही नाही' असं का म्हणालात?" काकूंनी विचारलं.

काका पुटपुटले, "ती पूजा गं. ते काय पाणी घालणं आहे? टाकीत समुद्राचंच पाणी, म्हटलं चालेल."

"देवाला चालतं," धर्मा म्हणाला. "आता हे तुम्हीच काढा."

काकांनी ओकारी दाबत सहाही गोळे हाताने उचलले. लगदा कोपरापर्यंत ओघळला. मग ते बेसिनकडे वळले, तर धर्मा आडवा.

"चार घरी सांगून आलात ना? आधी तिथे जाऊन खरं सांगा. हात नंतर धुवा."

जिन्यात अंजनाबाईने नाकाला पदर लावला आणि बाजूला सरकून काकांना वाट दिली.